वजा केलेला आवाज

नवा कॉम्प्युटर हातात आला की मी आधी त्याला कान लावतो, मग चालू करतो. यंत्रं तपासून त्यांच्यावर लिहायचं हा माझा धंदा, आणि बंद यंत्रालाही कान लावायचा ही त्यातली खोड. हसा खुशाल. त्या दिवशी वहिनीकडे नेलेला कॉम्प्युटर जेवणाच्या डब्याएवढा होता. वीज नावाला खाणारा, पंखा नसलेला. दिवसा वहिनी त्यावर ऑफिसचं काम करणार आणि संध्याकाळी तोच टीव्हीला जोडून तिची छकुली सिनेमे बघणार, असा बेत होता.

पंखा नको, ही वहिनीची एकच अट. माझा थोरला भाऊ, दादा, त्याच्या जुन्या घरघरणाऱ्या कॉम्प्युटरसमोर काम करता करताच गेला. तो कॉम्प्युटर वहिनीने देऊन टाकला, तरी घरघर म्हणे थांबेना. छकुली दादाच्या कामाच्या खोलीत भिंतीला कान लावून बसायची. "बाबा काम करतोय," म्हणायची. वहिनीने घाबरून तिला आजोळी धाडलं.

"भाऊजी, मला वेड लागलंय म्हणा, चालेल," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "पण मोजून सांगा. खोलीत काही नसेल, तर पोरीला आजच आणते. तिच्याशिवाय घर खायला उठतं हो."

"मनाचे खेळ सगळे," मी म्हणालो.

आमची रीत अशी. आधी यंत्र बंद ठेवून रिकाम्या खोलीचा आवाज टिपायचा. मग यंत्र चालू करून पुन्हा टिपायचा आणि त्यातून पहिला वजा करायचा. उरेल तो यंत्राचा. खोलीत मायक्रोफोन ठेवून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. डब्याला सिनेमा दिला, ऑफिसची कामं दिली. वजाबाकी शून्य!

"चिडीचूप," मी सांगितलं. "आणा पोरीला."

दादा गेल्यापासून वहिनी पहिल्यांदाच हसली आणि चपला अडकवून निघाली. मी घराच्या दाराला आतून कडी घातली आणि लिहायला बसलो.

वजा केलेला तुकडा आम्ही कधी ऐकत नाही. रिकाम्या खोलीत ऐकायचं काय? पण उन्हं कलली, घर फारच गप्प वाटायला लागलं, आणि मी उगाच हेडफोन चढवले.

घरघर. जुनी, दमेकरी, ओळखीची.

घाईघाईने दुसरा, यंत्र चालू असतानाचा तुकडा लावला. तिथेही तीच घरघर, तशीच, म्हणून तर वजाबाकीत कटली होती. आणि तिच्याआड, दोन्हीकडे, अक्षर न अक्षर सारखा... दादाचा आवाज.

"छकुली... ये लवकर... मी दार उघडतो..."

मला रडू फुटलं. दादाच होता तो. पण त्या हाकेत माया नव्हती, नुसती घाई होती. मी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, पोरीला आणू नका! कुठे आहात?"

"अहो, खाली जिन्यातच आहे," ती धापा टाकत म्हणाली. "छकुली केव्हाच वर पळाली. 'आई, दार उघडलं गं!' म्हणून ओरडलीसुद्धा... तुम्हीच घेतलंत ना तिला आत?"

मी दाराकडे पाहिलं. कडी आतून लावलेलीच होती. आणि दाराच्या आतल्या बाजूला, पायपुसण्यावर, छकुलीच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.