रांजणावरचा स्पीकर

स्पीकर विकत घेताना माणूस कान लावतो. खुशाल रामटेके मास्तर तळहात लावत होते.

शहाऐंशी सालची दिवाळी तोंडावर आली होती. एकदा मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस लागले, गावोगावी नाटकं उभी राहिली, की वडशाच्या पत्रूला जेवायला फुरसत मिळायची नाही. त्याची साउंड सर्व्हिस रेल्वे फाटकापलीकडे, एका तांदळाच्या गोदामाला चिकटून होती. तो धूळ झटकून भोंगे दारात मांडत होता, आणि ब्रह्मपुरीचे हे सायन्सचे मास्तर त्याला एकेक स्पीकर सुरू करायला लावून, डोळे मिटून, त्याच्या कागदी पडद्यावर हात टेकवत होते.

"गुरुजी, स्पीकर हाय का पेशंट?" पत्रू शेवटी म्हणाला. "नाडी पाहून राह्यले तुमी."

"भोंगा नको मले. भोंगा बारीक बोलते. जाड आवाज पायजे, खालचा. पोटात वाजला पायजे."

"घरच्या टेपडेकाले? मंग नागपूरले जा ना जी. बारा इंची वूफर भेटते, पेटीसकट."

नागपूरला मास्तर जाऊन आले होते. तो वूफर पाहिला, त्याची किंमत ऐकली, आणि दुकानदाराचं पाणी पिऊन परतीच्या एसटीत बसले. पण हार मानणारा तो माणूसच नव्हता. शाळेवर बदली झाली तेव्हा नाल्याला पूर होता म्हणून सायकल डोक्यावर घेऊन हजर झालेले हे मास्तर. एकदा मनात घेतलं की घेतलं.

आणि मनात घेतलं होतं ते बायकोसाठी.

मनकर्णाला मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात हिवताप झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायका गाणी म्हणत, आणि पहिला सूर हिचा असे. आता ती विहारात मागे बसायची, इतरांचे ओठ पाहायची, आणि ओठ थांबले की उठायची. मास्तर तिच्याशी शाळेतल्या पाटीवर लिहून बोलत. पाटीवर 'भाजीत मीठ कमी' लिहिता येतं. बाकीचं काय लिहिणार? नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बारीक आवाज गेले, अगदी खालचे, जाड आवाज तेवढे थोडे उरलेत, पण शब्द कळायला ते पुरायचे नाहीत. मग एके दिवशी भाकरी थापता थापता ती एकदम म्हणाली, "गिरनी सुरू झाली." आणि खरंच, दोन गल्ल्या पलीकडे भातगिरणी सुरू झाली होती. त्या दिवसापासून मास्तरांना झोप नव्हती. हिला गिरणी ऐकू येते, तर ढोलक का नाही येणार? हिचंच गाणं हिला का नाही?

पत्रूने शेवटी मागच्या फळीवरून एक जुना दहा इंची स्पीकर काढला. मास्तरांनी हात ठेवला. धक्का कोपरापर्यंत आला.

"हा घ्या. आन् पेटी नका बनवू, फुकट खर्च. रांजनावर उपडा ठेवा. खेड्यात सारे तेच करतात. पोट मोठं, तोंड लहान. पन रांजन वाजवून घेजा."

मडकं वाजवून घ्यावं हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर ते जीपमधून उतरले. कुंभारांची वस्ती तिथून जवळच होती. गिरजाबाई नावाची म्हातारी अंगणात मडकी राखत बसली होती. मास्तरांनी एकेक रांजण बोटाच्या पेरानं वाजवला. नवे सगळे टणटणीत, बारीक बोलत होते, म्हणजे त्यांच्या कामाचे नव्हते. भट्टीच्या मागे मात्र एक जुना रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला दिसला. त्यांनी तोही वाजवला. काहीच आवाज आला नाही. मग चपलांच्या तळव्यांतून काहीतरी वर चढलं आणि गुडघ्यांत थांबलं.

"हाच देजा बाई."

"तो नाई विकाचा," गिरजाबाई म्हणाली. "माह्या सासूच्याई आधीचा हाय तो."

"काऊन? तडा गेला का?"

"तडा गेला असता तं बरं झालं असतं. पानी भरलं का आटते. बायेरून ओल नाई, खाली चिखल नाई. जाते कुठी, कोनाले मालूम."

बाष्पीभवन आठवीला शिकवणारा माणूस तो, नुसता हसला. गुडघे टेकून त्याने रांजणात डोकं घातलं. आत गारवा होता, आणि जुन्या पावसासारखा नाही, घासलेल्या दगडासारखा वास होता. आवाज कसा घुमतो ते पाहायचं म्हणून तोंडाला जे आलं ते मास्तर बोलले. वर्षभर रोज तिच्या पाठीमागे उभं राहून ते तेच बोलत आले होते.

"मनकर्णा, आयकू येते का?"

आवाज घुमला नाही. घुमायला हवा होता. जणू कुणीतरी तो तोंडातून काढून घेतला आणि ठेवून दिला.

बाहेर आले तेव्हा गिरजाबाई उभी होती.

"भांड्यात तोंड घालून मानसाचं नाव नाई घेत मास्तर."

"काऊन बाई?"

"नाई घेत." मग तिने पोरांना हाक मारून रांजण उकरायला सांगितला. "आता घेऊनच जा तुमी. मले नाई पायजे तो इथी." पैसे तिने हातात घेतले नाहीत, ओट्यावर ठेवायला लावले. रांजण निघाल्यावर खाली राहिलेला खड्डा कोरडा ठणठणीत होता.

रविवारी दुपारी मास्तरांनी मधल्या खोलीत रांजण उभा केला. तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं बसवलं, त्यावर स्पीकर उपडा ठेवला आणि तारा डेकला जोडल्या. तिचे कान जायच्या आधीच्या बुद्धपौर्णिमेला विहारात भरलेली बायकांच्या गाण्यांची कॅसेट लावली. मनकर्णा शेजारी बसली, नवऱ्याचं मन राखायला बसावं तशी. त्यांनी तिचे दोन्ही हात रांजणाच्या पोटावर ठेवले आणि बटण दाबलं.

ती दचकली. मग तिने हळूच गाल टेकवला.

"ढोलक," ती म्हणाली. थोड्या वेळाने डोळे भरून आले. "अजी, हा तं माहाच आवाज!"

मास्तर स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाचं रडू ते, पण बाईमाणसासमोर कशाला? दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. इतका आनंद झाला होता, की डॉक्टरांचं ते शब्दांबद्दलचं वाक्य त्यांना आठवलंही नाही.

घर पुन्हा घरासारखं झालं. मनकर्णा गुणगुणू लागली. मास्तर शाळेतून येत तेव्हा ती बहुतेक रांजणाला गाल लावून बसलेली असे. एका संध्याकाळी ते आले तेव्हा लाइट गेलेली होती, आणि ती तशीच बसून हसत होती. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'लाइट नाही.'

"मले का करायचं लाइटाले?" ती म्हणाली. "तुमीच तं बोलून राह्यले होते."

गंमत करते, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं.

मग एकदा तिने भात कमी टाकला. मास्तरांनी ताटाकडे पाहिलं तर म्हणाली, "शाळेत पोहे खाल्ले ना? सांगतलं तं होतं तुमी." पोहे खाल्ले होते. सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मास्तर डेकची वायर काढून कपाटात ठेवून शाळेत जाऊ लागले. त्याने काही फरक पडला नाही. मनकर्णा गाल लावून बसायची ती बसायचीच. मधूनच मान डोलवायची, 'हो ना' म्हणायची. एकदा पदरात तोंड लपवून लाजली. नवऱ्याने तिला अशी लाजताना लग्नानंतर पहिल्या वर्षीच पाहिली होती.

मंडईच्या दिवशी घरी पाहुणे होते. ते गेल्यावर ती भांडी आवरता आवरता शांतपणे म्हणाली, "मी जोरानं बोलतो, चार लोकांत लाज वाटते तुमाले. माहीत नव्हतं मले. सांगतलं ते बरं केलं."

हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मेहुण्याच्या लग्नात ते एकदाच, क्षणभर मनात आलं होतं, आणि त्यांनी ते तिथेच दाबून टाकलं होतं.

'मी नाही सांगितलं' असं त्यांनी पाटीवर लिहिलं. तिने वाचलं आणि समजूतदारपणे हसली.

"तुमी लिवता एक. बोलता खरं."

रांजण फोडावा असं त्यांना त्या रात्री वाटलं. पण फोडला तर हिचं गाणंही जाणार, आणि ही पुन्हा विहारात मागच्या ओळीत बसणार. ते त्यांना सोसणारं नव्हतं. मी बोललेलं हिला कळत नाही म्हणून हे सारं होतंय, तर मी बोलेन. माझा आवाज ओळखला की दुसऱ्या कुठल्याही आवाजाला ही फसायची नाही. सरळ हिशेब होता. शाळेच्या गॅदरिंगचा माइक त्यांनी मागून आणला.

भर दुपार होती. दारं उघडी होती, अंगणात धान वाळत होतं. मनकर्णा गाल लावून बसली. मास्तरांनी डेकला माइक जोडला आणि तिच्या डोळ्यांत पाहत, हळू, एकेक शब्द बोलले.

"मनकर्णा. मी आहो. हा माहा आवाज हाय."

तिच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा," ती म्हणाली. "दोघं दोघं एकदम नका बोलू."

मास्तरांनी बटण बंद केलं.

तिची आठी गेली. ती ऐकत राहिली.

त्यांनी वायर उपटली. स्पीकर उचलून जमिनीवर ठेवला. रांजणाचं तोंड उघडं पडलं.

ती ऐकतच होती.

मास्तर तिच्यासमोर बसले. खांदे धरून तिला हलवलं. ओरडले. शेजारची गाय बुजून उठली एवढ्या मोठ्याने ओरडले, की मी इथी आहो, मनकर्णा, हा पाहा, मी इथी आहो.

तिने त्यांचे हात खांद्यांवरून अलगद काढले. रागावली नाही. रस्ता चुकून घरात शिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"उगे राहा ना भाऊ जरा," ती म्हणाली. "आमचे हे बोलून राह्यले."

आणि परक्या पुरुषासमोर घेतात तसा तिने डोक्यावरून पदर घेतला.