देविदासरावच्या मळ्याचं गेट

निजा म्हणलं तर निजत न्हाई तुम्ही पोरं. माझे तर डोळे मिटून राहिले. तरी सांगतो, पण मधी बोलायचं न्हाई.

माझा साडू धम्मानंद. देगलूरला वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं. विहारात जाणारा माणूस, भूतबित कधी मानलं न्हाई. त्याच्यावरच गुदरलं, म्हणून मला खरं वाटतं.

गेल्या साली होळीनंतरची संकष्टी. देविदासरावच्या मळ्याचं लोखंडी गेट लोंबकळलं होतं. वरची बिजागरी खांबातून उखडलेली, खालची खिळखिळी, अन् दुसरं टोक मातीत रुतलेलं. पहाटे हळद भरायला ट्रक येणार अन् गेट अर्धंबी उघडंना. वेल्डिंगच्या मशीनला थ्री फेज लाईट लागती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बाराला यायची. दिवसभर मांडवाचे पाइप जोडून धम्मानंदचं अंग मोडलं होतं, डोळे चुरचुरत होते. पण शब्द दिलता. तसाच निघाला बिचारा.

लाईट आली. देविदासराव म्हणले, विहिरीवरची मोटार चालू करून येतो, मग मी गेट उचलून धरतो. अन् गेले.

हा खांबापाशी बसला. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढला. त्यातनं ठिणगीबिगर काही दिसत न्हाई. जरा पेंगलाबी असंल. तेवढ्यात गेट हाललं, टोक वर आलं, बिजागरी खांबाला टेकली. याला वाटलं, मालक आले.

"धरून ठेवा," हा म्हणला. "मी सांगितल्याबिगर सोडू नका."

पलीकडनं नुसती धाप. ओझ्याखालच्या म्हाताऱ्या माणसाला लागती तशी.

यानं वेल्डिंगचा एक टाका मारला. घाम पुसायला मुखवटा वर केला.

चांदणं होतं. लांब विहिरीपाशी बॅटरी हालत होती. देविदासराव तिकडंच होते अजून...

गेटच्या टोकाला कोणी नव्हतं.

गेट वर. सरळ.

अन् धाप... चालूच.

देविदासराव आले. त्यांनी पाह्यलं. धाप ऐकली.

"बसलिंगप्पा," म्हणले.

बसलिंगप्पा त्यांचा सालगडी, पौषात वारलेला. गाडी आली की ते गेट खांद्यावर उचलायचा अन् गाडी जाईस्तोवर उभा राहायचा. दर पाडव्याला नवं साल ठरवताना एकच मागणं, मालक, तेवढं गेटचं बघा. मालकाचं उत्तरबी ठरलेलं, सुगी होऊ दे. असं करता करता आधी खांदा गेला, मग माणूस गेला. अन् सालगडी सुटतो तो पाडव्यालाच. पाडवा अजून यायचा होता.

धम्मानंदला सगळं उमगलं. स्वतः थकलेला होता ना. भीती गेली म्हणं त्याची, नुसतं रडू यायला लागलं.

"मालक, तुम्हीच म्हणा. साल झालं म्हणा. सोड म्हणा."

देविदासराव गेटकडं बघत राहिले. मग रस्त्याकडं पाह्यलं...

"ट्रक जाऊ द्या," म्हणले. "मग सांगतो."

मला आजबी चीड येती. मेलेल्या माणसालाबी सुगी होऊ दे म्हणायचं?

धम्मानंदनं मशीन गाडीत टाकलं अन् निघून आला. पहाटे ट्रक आला, भरला, गेला. ते जड गेट एका बोटानं उघडलं म्हणं. मग देविदासराव गेटपाशी गेले, म्हणले, बसलिंगप्पा, सोड आता. काहीच झालं न्हाई, गेट तसंच वर. पाडव्याला नारळ फोडला, हात जोडले, साल झालं बाबा म्हणले. तरी न्हाई. शेवटी धम्मानंदला बोलावलं.

हा गेला भर दुपारी, आता लाईट दिवसाची होती. बाबा, सोडा म्हणून त्यानंबी सांगितलं. त्या रात्रीचा टाका कधीच गळला होता, मग नवा मारला. थंडा झाला अन् गळून पडला. परत मारला. परत गळला. खाली वाकून बघतो तर खालची बिजागरीबी तुटलेली.

मग त्यानं गेट अन् खांबाच्या मधी हात घातला.

आरपार गेला.

गेट कशालाच टेकलेलं न्हाई... आजबी सरळ उभं हाय. देविदासराव रोज सांजच्याला तिथं जाऊन "सोड" म्हणतात, अन् जरा वेळ थांबून घरी येतात.