सावलीला कान उगवले

"आली, आली, आपली सावली आली! ढब्बू, सरक! तुझं डोकं आहे की पडदा?"

गाडीनं डोंगराचं वळण घेतलं, उन्हं एका बाजूला आली आणि गाडीची लांबलचक सावली रस्त्याकडेच्या गवतावरून धावायला लागली. मागच्या सीटवर एकच झुंबड उडाली. बारा वर्षांची खारू, तिचा चुलतभाऊ ढब्बू आणि चार वर्षांची धाकटी बहीण चिमटी, तिघांची नाकं एकाच काचेला! सावली झुडपावरून गेली की एक टाळी, दगडावरून गेली की दोन, आणि गाढवावरून गेली तर त्या दिवसाचं राज्य आपलं! हा खेळ खारूनंच शोधलेला.

"ताई," चिमटी म्हणाली, "गाडीला कान आले!"

खारूनं निरखून पाहिलं. टपावरचं गाठोडं सकाळपासून सावलीत कसं उशीसारखं गुबगुबीत दिसत होतं. आता त्यातून दोन टोकदार कान वर आले होते!

"बाबा, टपावर काहीतरी गडबड आहे!"

"ताडपत्री फडफडत असेल," बाबांनी मागे न बघताच निकाल दिला. "गाठ माझी आहे. वादळ आलं तर गाडी उडेल, गाठ सुटायची नाही!"

हे मात्र खरं होतं. घर बदलताना बाबांनी कपाट असं काही आवळलं होतं, की दोरी सोडवायला सुतार बोलवावा लागला. सुतारानं दुपारभर झटापट केली आणि शेवटी कपाटच कापलं!

"दादा, थांबू नकोस हं," पुढच्या सीटवरून आत्या म्हणाली. तिची बोटं हवेतच नाचत होती. वर्षभर खपून तिनं दोरीनं नाचवायच्या बाहुल्या शिवल्या होत्या आणि आज संध्याकाळी मुलांच्या वाचनालयात त्यांचा पहिलावहिला खेळ होता. आई कालच पुढे जाऊन पडदा लावून बसली होती. आणि त्या सगळ्या बाहुल्या टपावरच्या गाठोड्यात होत्या!

खारू विचारात पडली. दुपारी चाक बसलं, तेव्हा पंक्चरवाला म्हणाला होता, "आधी वरचा बोजा उतरवा." तिथेच एका मिशीवाल्या आजोबांचीही गाडी उभी होती. त्यांचंही गाठोडं तसंच, निळ्या ताडपत्रीचं, खाली ठेवलेलं. मग काय, जुंपली!

"ही काय गाठ? ही तर बुटाची नाडी!" बाबा.

"अहो, तुमचं गाठोडं आणा इकडे, दाखवतो गाठ कशी मारतात ती!" आजोबा.

"मग तुमचं द्या इकडे!"

खारू ताडकन उठली आणि तिचं डोकं छतावर आदळलं. "ढब्बू! गाडी थांबवायलाच हवी!"

"काका ऐकणार नाहीत. ते फक्त एकाच गोष्टीसाठी थांबतात."

दोघांनी चिमटीकडे पाहिलं.

"चिमटे, तुला शू आलीय," खारू कुजबुजली.

"नाही आली."

"आलीय गं!"

"नाहीच मुळी!"

ढब्बूनं मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढे केली. चिमटीनं ती घटाघटा रिकामी केली. सावली दोन गाढवांवरून गेली आणि...

"बाबाऽऽ! शूऽऽ!"

गाडी कच्चकन थांबली. चिमटीला घेऊन आत्या झुडपामागे पळाली. ढब्बू वाकला, खारू त्याच्या पाठीवर चढली आणि तिनं ताडपत्रीच्या फटीत हात घातला. "लाकडाचे आहेत कान! घोडा आहे आत!"

"अशक्य!" बाबा गरजले. "ही बघ, ही माझीच गाठ! झोपेतही ओळखेन!"

"तेच तर, बाबा! गाठ तुमची, गाठोडं त्यांचं! तुम्ही दोघांनी एकमेकांची गाठोडी बांधलीत आणि मग आपापली गाठ बघून उचललीत!"

बाबांनी स्वतःच फटीत हात घालून कान चाचपले. तेवढ्यात आत्या परतली. घोड्याचे कान पाहून ती मटकन खालीच बसली. "माझ्या बाहुल्या! दादा, काय केलंस रे हे!"

"पाठलाग करू!" बाबा म्हणाले. पण कुठे? आजोबा कुठल्या गावाला निघाले होते ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बाबा, बाजारात हरवलो तर काय करायचं? तुम्हीच शिकवलंत ना?" खारूनं विचारलं.

"जिथं शेवटचं भेटलो, तिथंच जाऊन थांबायचं!" ढब्बू आणि चिमटी एका सुरात ओरडले.

"अगं, पण त्यांना कळलंच नसेल तर?"

"बाहुल्यांच्या पायांत घुंगरं आहेत, बाबा! आजोबांच्या टपावर एव्हाना नाच रंगला असेल!"

पंक्चरच्या दुकानाशी पोचण्याआधीच आरडाओरडा ऐकू आला.

"चाक लावलंस की झांजा? गाडी छुमछुम वाजतेय माझी!"

"आजोबा, काहीच वाजत नाही हो!" गाडीखालून पंक्चरवाल्याचा रडका आवाज.

"उभी असताना कशी वाजेल? चालताना वाजते!"

"आजोबा, त्या आमच्या बाहुल्या आहेत!" खारू धावत सुटली.

आजोबांनी मारलेली गाठ एका झटक्यात सुटली आणि आत्यानं बाहुल्या कवटाळल्या. बाबांची गाठ मात्र ना बाबांना सुटली, ना आजोबांना. शेवटी पंक्चरवाल्यानं सुरी चालवली. मिशीतल्या मिशीत हसत आजोबांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. नातीसाठी त्यांनी तो स्वतः घडवला होता.

"वेळेवर सुटते, ती खरी गाठ!" ते म्हणाले.

"बरं, आता मी बांधतो..." बाबा दोरी घेऊन पुढे सरसावले.

"नकोऽऽ!" सगळे एकदम किंचाळले.

गाठोडं मुलांनी बांधलं, वर खूण म्हणून चिमटीची लाल रिबीन!

खेळ जरा उशिरा सुरू झाला, पण काय रंगला म्हणता! टाळ्या थांबेनात. शेवटी आत्यानं तिन्ही पोरांना पडद्यापुढे ओढलं. "यांच्यामुळेच आज माझ्या बाहुल्या नाचल्या!" आई तर डोळे पुसत टाळ्या पिटत होती.

"मी गाठ बघत बसलो," बाबा म्हणाले, "पोरांनी गाठोडं बघितलं!" आणि त्यांनी चिमटीला उचलून खांद्यावर घेतलं. मागच्या दिव्यानं दोघांची मिळून एकच सावली भिंतीवर पडली. वर चिमटीच्या दोन शेंड्या ताठ उभ्या!

"बाबा, तुम्हाला कान आले!" चिमटी ओरडली.

"आले ना! आता तुमचं ऐकावं लागणार."