मळीचा खुराक

१९९६च्या उन्हाळ्यात नागापूर एमआयडीसीतल्या एका धातूंना मुलामा देणाऱ्या प्लेटिंग कारखान्यामागची माती साफ करायचं काम मी घेतलं. टाक्यांचं पाणी मुरून ती हिरवट पडली होती. पद्धत सोपी होती. मातीतल्या जिवाणूंना साखर कारखान्याची मळी, युरिया आणि चुन्याचं पाणी पाजायचं. ते चुनखडी तयार करतात आणि विषारी धातू तिच्यात कोंडले जातात.

खुराक घालायला मालनबाई होत्या. त्यांचा मुलगा सहादेव इथेच टाकी साफ करायला उतरला, तो परत कुणाला दिसला नाही. मालक आबासाहेब मनगटावरचं सोनेरी घड्याळ फिरवत सगळ्यांना एकच सांगायचे, "पळून गेला असेल. येईल फिरून." मला त्या माणसाचा पहिल्या दिवसापासून संताप यायचा.

माती सगळीकडे सारखी घट्ट व्हायला हवी होती. ती भुसभुशीतच राहिली. दगडासारखी झाली ती फक्त एका कोपऱ्यात, जिथे आम्ही मळी घातलीच नव्हती. मी हातांनी उकरलं. आधी माणसाचा खांदा लागला, मग उघडा तळहात. सगळं पांढरं, खरबरीत.

मालनबाईंनी दगडी अंगठ्यावरची खाच चाचपली.

"ल्हानपनी विळा लागला हुता," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत.

"चुन्याचा गोळा आहे तो," आबासाहेब म्हणाले. मी तडक पोलीस चौकीत गेले. सकाळी येतो म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. इकडे आबासाहेबांनी कामगारांना घरी पाठवलं आणि स्वतः पहार घेऊन खड्ड्यात उतरले.

सकाळी पहार तिथेच पडली होती. आबासाहेब नव्हते.

दगडी तळहात मिटला होता. बोटांच्या फटीतून घड्याळाचा सोनेरी पट्टा दिसत होता.

शेजारची माती माणसाच्या लांबीएवढी ओली होती. मालनबाई तिच्यावर मळी ओतत होत्या.

फाटकातून आबासाहेबांची बायको पुष्पावती घाबरून हाक मारत होती, "मालनबाई, आमचे हे रात्री घरी आले नाहीत. दिसले का कुठे?"

"पळून गेलं असतील," मालनबाई न वळता म्हणाल्या. "येतील फिरून."

पुष्पावती निघून गेली. पोलीस अजून यायचे होते.

ओली माती किंचित वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.

मालनबाईंनी दुसऱ्या बादलीसाठी हात पुढे केला.

मी ती काठोकाठ भरून दिली.