गुडघ्याएवढे ठिपके

"दियामांती, माझी डच बाई हरवली!"

अतिथीगृह चालवणारी असिमिना चौकीच्या दारात धापा टाकत उभी होती. हवालदार दियामांतीनं कॉफी बाजूला ठेवली. त्या ग्रीक बेटावर त्याच्याशी कुणी बोलायला आलंच, तर काहीतरी हरवल्यावरच.

"निघाली कधी?"

"पहाटे. न्याहारीला येते म्हणाली, आता बारा वाजले."

"एकटीच?"

"रोजच एकटी. झाडांशी बोलते म्हणे."

"वाट ठाऊक होती?"

"लाल ठिपके धरून जायचं, आंधळाही चुकणार नाही. तो कोस्मास मात्र चुकवेल. त्याला वाटतं, जगातला प्रत्येक पर्यटक त्याच्या खानावळीत जेवायलाच जन्मलाय."

दियामांती पाइनच्या रानात शिरला. सकाळी संत आनार्गिरींच्या देवळातली घंटा ऐकू आली होती. आता फक्त ओढ्याचा आवाज. फाट्यावर तो थांबला. झाडांवरचे छातीएवढ्या उंचीचे जुने ठिपके कुणीतरी खालून चुना फेकून झाकले होते. नवे ठिपके दुसऱ्या वाटेवर होते, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर. बोट लावलं तर लाल झालं.

कोस्मासची खानावळ खाली समुद्राकाठी. ही वाट वर चढत होती. एका वळणावर माती घसरली होती आणि तिथंच चालायची काठी पडली होती. खाली खोल दरी. तो झपाझप वर चढू लागला.

वाट संपली ती एका घरापुढच्या अक्रोडाच्या झाडाखाली. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर पाण्याचे दहा पेले मांडलेले, प्रत्येकाशेजारी बशीत अक्रोडाचा मुरांबा. एकच बशी रिकामी होती. शेजारी आनार्गिरोस बसला होता, एके काळचा खेचरवाला, कमरेत पार वाकलेला.

"काका, बाई कुठंय?"

"आत झोपलीय. वळणावर घसरली, पाय मुरगळलाय. खेचराचा बांधायचो तसा बांधलाय."

दियामांतीनं आत डोकावून पाहिलं. बाई खरंच झोपली होती.

"ठिपके तुम्हीच रंगवलेत."

"कशावरून?"

"कोस्मासनं रंगवले असते तर वाट खाली उतरली असती. ही तुमच्या दाराशी येते. रंगवणाऱ्याची कंबर सरळ होत नाही, म्हणून ठिपके गुडघ्याएवढे. आणि आज संत आनार्गिरींचा दिवस. त्यांचंच नाव तुम्हाला ठेवलंय, म्हणजे तुमचा नामदिन. एकटा माणूस दहा पेले कशाला भरतो?"

म्हाताऱ्यानं एक पेला उगाच सरळ केला.

"नामदिनाला कुणी बोलावत नाही, माणसं आपणहून येतात. माझी बायको मारिगो गेल्यापासून तीन वर्षं पेले भरतोय. कुणी फिरकलं नाही."

"आम्हाला वाटलं, घरात दुखवटा आहे. दुखवट्याच्या घरी नामदिनाला जात नाहीत."

"दुखवटा वर्षाचा असतो, पोरा."

"मग सांगायचं होतं."

"स्वतःच्या नामदिनाला माणसं मागायला मी काय भिकारी आहे?"

दियामांतीला फार वाईट वाटलं. गेली दोन वर्षं याच दिवशी तो खालच्या रस्त्यानं गेला होता, आणि वर न चढता शिष्टाचार पाळल्याच्या समाधानात परतला होता.

"ती दरीत गेली असती, काका."

"ठाऊक आहे. पडली तेव्हाच कळलं मला. नोंदव गुन्हा."

"नोंदवणार आहे. आजच ठिपके पुसायचे, तेही तुम्हीच."

मग त्यानं टोपी काढली, खुर्ची ओढली आणि दुसरी बशी पुढ्यात घेतली. मुरांबा संपवून असिमिनाला फोन लावला.

"बाई सापडली, पाय मुरगळलाय, बाकी ठीक आहे. खेचर घेऊन ये. कोस्मासलाही आण, आणि वाटेत भेटेल त्याला. आनार्गिरोसकाकांकडे आठ पेले उरलेत."