बंदराच्या दोन छटा

लातुरात रंगाच्या दुकानदारानं गिऱ्हाईक बाईला 'ताई' म्हटलं नाही, की खुशाल समजावं... काहीतरी गडबड आहे.

शिवकांताच्या हे लगेच लक्षात आलं. औसा रोडवरच्या त्या दुकानात ती दोन पट्ट्या हातात धरून उभी होती. एकीवर लिहिलं होतं 'मिस्टी हार्बर', दुसरीवर 'सायलेंट हार्बर'. दोन्ही निळसर, दोन्ही करड्या आणि दोन्ही बंदरं. ज्या गावात नळाला पाणी आलं तरी शेजारणीला हाक मारून सांगतात, त्या गावाला कंपनी बंदरं विकत होती.

"मॅडम, हॉल कोणत्या तोंडाचा हाय?" काउंटरमागच्या तरुणानं विचारलं.

"पूर्वेच्या."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि आप्पा."

"अन् संध्याकाळी तुम्ही... कुठं बसता?"

शिवकांतानं पट्ट्या खाली ठेवल्या. "तुम्ही इथले दिसत नाही."

"मी रविकिरण. नांदेडचा. दुकान मामाचं हाय. मामाचा गुडघा बदलला, म्हणून मी बघून राहिलो."

नांदेडचा! शंकेचा रंग पहिल्याच हातात पक्का बसला.

कारण शिवकांताला सांगून आलेलं स्थळही नांदेडचंच होतं. मुलगा इंजिनिअर. फोनवर तो मोजकंच बोलला होता आणि त्यातलं बहुतेक सगळं तिनं लॅबमधली नोकरी सोडण्याबद्दल होतं. आप्पांना, म्हणजे गुरुपादप्पांना, स्थळ पसंत होतं. "घराला रंग झाला की पाहुणे बोलावू," असं त्यांनी जाहीर केलं होतं. आई गेल्यापासून ज्या बापानं तिच्या वेण्यासुद्धा घातल्या, त्याला 'नको' म्हणायला शिवकांताची जीभ उचलत नव्हती. त्यापेक्षा रंग न ठरवणं सोपं होतं.

पण आपल्याकडे पाहुण्यांच्या आधी चौकशी येते. ती किराणा दुकानात येते, मठात येते, कधी वेष पालटूनही येते. मावसबहीण जयाच्या वेळी तर चौकशीचा माणूस गॅसची शेगडी दुरुस्त करायला म्हणून आला होता. लग्न जमलं, शेगडी अजून भडकते. मग या वेळी रंगवाला का नसेल?

शिवकांतानं क्षणभर विचार केला. ठीक आहे. चौकशीच हवी ना, मग घ्या.

"मी सकाळी नऊला उठते," ती म्हणाली.

"मॅडम?"

"भाजी करपवते. राग आला की भांडी आपटते."

रविकिरण गंभीर झाला. दोन्ही पट्ट्या उजेडात धरून त्यानं बराच वेळ पाहिल्या. "मंग गडद घ्या. धूर दिसत न्हाई."

हसू दाबायला तिला खोकावं लागलं.

त्यानंतर ती येतच राहिली. कधी लॅबमधून सुटल्यावर, कधी उगाच. दर खेपेला सँपलची एक डबी आणि स्वतःचा एक नवा दुर्गुण. सासू हा प्रकारच आवडत नाही. देवाला नमस्कार करताना जांभई येते. तो सगळं मन लावून ऐकायचा, मध्येच तिच्याकडे तिरका बघायचा... आणि नजरानजर झाली की डब्याचं झाकण घट्ट असतानाही पुन्हा घट्ट करायचा. संशयास्पदच की!

घरी हॉलची भिंत ठिपक्यांनी भरत चालली. पेंटर गुलाम रसूल ब्रश हातात धरून सुस्कारे टाकायचा. "बेटी, ह्यो अन् त्यो एकच हाय. खुद अल्लामियाँला बी वळखू येनार न्हाई."

"चाचा, नीट बघा ना. ह्यात थोडा निळा जास्त आहे."

"जास्त निळा ह्यात न्हाई, तुज्या डोळ्यात हाय."

एके दिवशी रंग मिसळायच्या मशीनमध्ये डबा घडघडत असताना रविकिरण एकदम म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पर तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"तुम्हाला कुणी पाठवलंय?"

डबा तेवढा घडघडत राहिला... आणि मग लाइट गेली आणि तोही थांबला.

दोघं दारात येऊन उभे राहिले. सूर्य नुकताच बुडाला होता. रस्त्याच्या टोकाला आभाळ निळं राहिलं नव्हतं आणि करडंही झालं नव्हतं. मागून ओल्या रंगाचा वास येत होता.

"हा," शिवकांता हळूच म्हणाली. "मला हा रंग पाहिजे. लॅबमधून घरी जाताना रोज बघते. तेवढाच वेळ माझा एकटीचा असतो."

खोटं बोलायचं ती विसरली होती. त्यानं आभाळाकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहत म्हणाला, "हा मशीनमध्ये न्हाई मॅडम."

घरी जाताना तिला त्याचा फार राग आला. इतकं जीव लावून ऐकतो हा माणूस... आणि ऐकतो कुणासाठी? दुसऱ्यासाठी!

शनिवारी आप्पांचा धीर संपला. "उद्या पाहुणे येतेत. रसूलभाई, काय बी लावा, पर आज भिंत झाली पाहिजे."

शिवकांता तडक दुकानात गेली. "जा, सांगा तुमच्या इंजिनिअरला. पोरगी वाया गेलेली आहे म्हणावं!"

"कोण इंजिनिअर?"

"ज्यानं तुम्हाला माझ्या चौकशीला पाठवलं!"

रविकिरण मटकन स्टुलावर बसला. "मॅडम... मला वाटलं, तुम्हाला समोरच्या रंगाच्या दुकानवाल्यानं पाठवलंय. सँपलं नेता, रंग घेत न्हाई. मामा फोनवर रोज विचारतो, ही बाई कोण हाय म्हणून."

"मग संध्याकाळी कुठं बसता, हे कशाला विचारलं?"

"पयल्यांदा रंगासाठीच. उजेड कसा पडतो ते बघावं लागतं."

"आणि... नंतर?"

"नंतर... उजेडाचं ध्यानातच राहिलं न्हाई."

"सगळ्यांना ताई म्हणता. मला का नाही?"

"तोंड उघडलं होतं की. शब्दच निघाला न्हाई." त्याचे कान लाल झाले. त्या छटेबद्दल मात्र काही शंका नव्हती.

"मी सांगितलेलं सगळं खरं वाटलं तुम्हाला?"

"हाव."

"भांडी आपटते तेही?"

"हाव."

"तरीसुद्धा...?"

"स्टीलचीच भांडी घ्यावी म्हणून राहिलो. काचेची नकोच."

शिवकांता हसली, मग तिचे डोळे भरून आले. "मी आप्पांकडं येऊ का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "नको. आधी मला बोलू द्या."

आणि ती बोलली. घरी जाऊन, चप्पलही न काढता. "आप्पा, मला ते स्थळ नको. मला... रंगाच्या दुकानातले रविकिरण आवडतात."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. ते उठले आणि बाहेर पडले. ते निवृत्त तलाठी होते. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात कशावर विश्वास ठेवला नव्हता.

परतले ते टर्पेंटाइनची बाटली घेऊन.

"गिऱ्हाईक हून गेलो," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "नाव सांगितलं न्हाई. गाव विचारलं, घरचं विचारलं. बाप शंकरप्पा, बिलोलीला मास्तर होता म्हणे. समदं सांगितलं अन् मंग म्हणतो, 'आप्पा, बसा की, चहा घेऊ.'"

"त्यांनी ओळखलं तुम्हाला?"

"म्हणला, तुमच्या पोरीगतच बघता. समोरच्यावर इश्वास म्हणून न्हाई!"

गुलाम रसूलनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याची पाठ हलत होती.

आप्पांनी फोन लावला. "हां, गुरुपादप्पा बोलतोय, लातूरहून. उद्या नका येऊ. पोरीच्या मनात न्हाई... न्हाई, भिंतीचं काय न्हाई. पोरीच्याच मनात न्हाई."

फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. "आता खरं सांग. एक रंग तुला ठरवता येईना. उद्या पुन्हा म्हणशील, ह्यात जरा..."

"मी ठरवलंय, आप्पा."

त्यांचं वाक्य अजून तोंडातच होतं. आप्पा बराच वेळ तिच्याकडे संशयानं बघत राहिले. या वेळी तिनं मान खाली घातली नाही.