पाच कड्या

भाईंदर पश्चिमेला आमच्या गॅलरीतून पूर्वी मिठागरं दिसायची. आता समोर टॉवर उभा राहिलाय, तरी सकाळी खाडीकडचा वारा येतो, थोडा चिखलाचा वास घेऊन. यांचा पलंग मी मुद्दाम गॅलरीच्या दाराशी लावून घेतलाय. जन्मभर मोकळ्या धावपट्टीवर उभा राहिलेला माणूस, त्याला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून कसं झोपवायचं?

मी शाळेत गणित शिकवलं. देवाला हात जोडते, पण अंगात येणं, दृष्ट लागणं असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मला अजिबात सहन होत नाही.

हे म्हणजे काशीनाथ. हवाई दलात लढाऊ विमानांची देखभाल करायचे. उभ्या विमानाला जागोजागी लोखंडी पिना अडकवलेल्या असतात, चुकून काही सुटू नये म्हणून. प्रत्येक पिनेला एक कडी आणि लांब लाल पट्टी. उड्डाणाआधी त्या सगळ्या काढायच्या आणि वैमानिकाला वर धरून दाखवायच्या. त्यानं मोजायच्या, अंगठा दाखवायचा, मगच विमान हलणार; एखादी पिन राहून गेली तर हवेत जिवावर बेतायचं. बाकीचे लोक जुडगा करून दाखवायचे. हे एकेका बोटात एकेक कडी अडकवून पंजा पसरायचे. पाच बोटं, पाच पिना, लांबूनही मोजता येतील अशा. वैमानिकाचा अंगठा दिसेपर्यंत यांचा हात खाली यायचा नाही, मग डोक्यावर ऊन असो नाहीतर काही असो.

आमची मुलगी निशिगंधा तीच विमानं उडवते, यांच्याच जुन्या स्क्वाड्रनमध्ये.

स्क्वाड्रन तरी आता काय उरलीये म्हणा! जुनी विमानं एकेक करून मोडीत निघाली, नवी यायचीयेत म्हणतात. जाणती माणसं खासगी विमान कंपन्यांत गेली. यांना मात्र राहायचं होतं. मुदतवाढीचा अर्ज केला, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, फोटो पुन्हा मागवले, सह्या पुन्हा मागवल्या. अर्ज विचाराधीन आहे असं कळवणारा कागद आला तेव्हा हे रिटायर होऊन घरात माझ्याबरोबर मेथी निवडत होते. त्या दिवशी हे जेवले नाहीत. निशिगंधा फोनवर सांगायची, नवी पोरं हुशार आहेत, पण बिचाऱ्यांचा निम्मा वेळ टॅबवर खुणा करण्यात जातो, विमानाला हात लावायचा तर आधी दहा मंजुऱ्या. हे ऐकून घ्यायचे आणि पंख्याकडे बघत बसायचे.

मग लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हा हात आता उठायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तो उठला.

मॅबेल उत्तनहून येते, यांचं अंग पुसण्यापासून सगळं करते. त्या सकाळी मी पोहे परतत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाली, "ताई, दादांचा हात वर हाय."

जाऊन बघते तर उजवा हात सरळ वर, पंजा पसरलेला, नजर गॅलरीबाहेर, जरा उंचावर. मी हाका मारल्या. हात खाली ओढून बघितला, तर खांबासारखा घट्ट. थोड्या वेळानं तो आपला आपण खाली आला आणि पूर्वीसारखा लुळा पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा झटका आहे, होतं असं. मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं.

पण मग ते वरचेवर व्हायला लागलं. कधी सकाळी व्हायचं, कधी नाही. रविवारी कधीच नाही. निशिगंधाकडे धुकं पडून उड्डाणं रद्द झाली की त्या दिवशीही नाही. हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. तिला मी काही बोलले नाही. काय बोलणार, कप्पाळ?

एकदा मॅबेलनं चर्चमधून निळा दोरा आणला आणि यांच्या उजव्या मनगटाला बांधला. मी नाक मुरडलं, पण गाठ सैल वाटली म्हणून मीच ती घट्ट केली. गाठ आवळतेय तोवर हात माझ्या हातातून निसटून वर गेला.

त्या दिवशी बोटं चारच पसरली होती. करंगळी मिटलेली.

हात खाली येईना. यांच्या कपाळावर घाम आला. मला बघवेना. मी करंगळी उघडायला गेले तर मॅबेलनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे ताई. त्यांना ठाव हाय." किती वेळ गेला कोण जाणे. मग करंगळी आपोआप उघडली आणि हात खाली आला.

दुपारी निशिगंधाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. सकाळी ती विमानात बसली होती, समोर उन्हात उभा राहून कुणीतरी पिना दाखवत होतं, एकेका बोटात एकेक. तिनं मोजल्या, चारच भरल्या. तिनं अंगठा दिला नाही, शोधायला लावलं. पाचवी पिन चाकाजवळ तशीच अडकलेली होती. पिना दाखवायचं काम ज्याचं, तो नवा मुलगा तर त्या वेळी ऑफिसात मंजुरीची खूण उमटायची वाट बघत बसला होता. तो बाहेर आलाच नव्हता.

"मग दाखवत कोण होतं, आई?" ती म्हणाली. मग हळूच, "बाबांच्या हाताला निळा दोरा बांधलायस का?"

दोरा त्याच सकाळी बांधला होता.

पुढच्या आठवड्यात ती रजा घेऊन आली. पलंगाशी बसून बाबांचा हात हातात घेऊन कायकाय बोलत राहिली. यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी चहा टाकला. खरं सांगते, कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. पोर घरात होती, जमिनीवर होती. आज हात उठायचं काही कारणच नव्हतं.

हात वर गेला.

निशिगंधा आधी हसली. तिनं लहानपणी दाखवायची तसा अंगठा दाखवला. हात हलला नाही. हे तिच्याकडे बघतच नव्हते.

"आज माझं विमान चंदन उडवतोय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

मीही मोजलं. चार.

चंदन तिच्याच स्क्वाड्रनमधला वैमानिक. त्याचा फोन लागला नाही. उडायच्या आधी फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. तिनं ऑफिसला लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं बोलत होता. "मॅडम, आप तो छुट्टी पर हैं ना? मेसेज देने के लिए परमिशन लगेगी. होल्ड कीजिए."

धून वाजायला लागली.

मॅबेल पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. निशिगंधा पलंगावर चढून बसली. "बाबा, हात खाली घेऊ नका. त्याला मोजू दे. बाबा, ऐका माझं."

यांचा दंड थरथरत होता. मी दोन्ही हातांनी तो वर धरून ठेवला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

फोनमध्ये धून वाजत होती. माझ्या हातांतून यांचा हात सावकाश खाली आला.

करंगळी मिटलेलीच होती.